पारीवरची गोष्ट अमेरिकेत

सावली गावच्या ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, मोहल्ल्यात मनसाराम मांदाळेच्या घरातून रोज सकाळी सहा वाजता इंग्रजी ऐकू येतं. खोटं वाटत असेल तर एकदा या आणि कान देऊन उभे राहा. अंगणात जाळं वाळत पडलेलं, कुंताबाई बाजारात न्यायची मासळी टोपल्यात लावते आहे, आणि मधल्या खोलीत दार ओढून, पंखा बंद करून त्यांची पोरगी रंजीता कानाला हेडफोन लावून बसलेली. पंखा बंद अशासाठी की त्याची खरखर माईकमध्ये जाते. एप्रिलमध्ये आमच्याकडे पंखा बंद करून बसणं हा शिक्षेचा प्रकार आहे. पण रंजीता गेली चार वर्षं ती शिक्षा भोगते आणि वर तिचा पगारही घेते.

ती शिकवते अमेरिकेतल्या पोरापोरींना. तिकडे डॉक्टर व्हायचं तर आधी साधी पदवी घ्यायची, मग दिवसभराची एक दांडगी परीक्षा द्यायची. तिचे चार भाग. पहिल्या तीन भागांत रसायन, जीवशास्त्र, लांबलचक उतारे असं सगळं येतं. चौथा भाग मनाचा आणि समाजाचा: माणूस घाबरतो कसा, गर्दीत वागतो कसा, आजारी पडला की घरचे त्याच्याशी कसे वागतात. एकोणसाठ प्रश्न, पंच्याण्णव मिनिटं. डॉक्टर व्हायला निघालेल्या माणसाला माणसं कळतात की नाही, हे आधीच तपासून घ्यायचं. मनसारामला हे फार पटलं होतं. "आपल्या इथी बी ठेवा हा पेपर," तो म्हणायचा, "मंग पाहा किती डॉक्टर पास होते!"

मोहल्ल्याला यातलं एवढंच कळलं, की मनसारामची पोट्टी अमेरिकेच्या डॉक्टरांना शिकवते. झालं! पहिल्याच महिन्यात शेजारची गुणाबाई गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दारात हजर.

"पाह्य ना वो रंजीता, काय दिसते यात?"

"मोठीमाय, मी हाडाचं नाई शिकवत. मी मनाचं शिकवतो."

"मनाचं?" गुणाबाईनं एक्स-रे पिशवीत घातला. "मन तं दिसतच नाई बाप्पा. मंग त्यात पास कसं करते?"

प्रश्न बिनतोड होता.

ती इथवर पोचली ती सरळ वाटेनं नाही. बारावीनंतर तिनंही डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दिली होती. पहिल्यांदा एकोणीस गुणांनी हुकली, दुसऱ्यांदा सातांनी. मग बी.ए. करून गडचिरोलीच्या विद्यापीठातून समाजशास्त्राची एम.ए. केली, प्राध्यापकीची नेट परीक्षा काढली, आणि मूल गावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पैसे, सुटी आली की ठणठण गोपाळ. त्या कॉलेजात तिनं पाच वर्षं काढली. मग हैदराबादच्या एका शिकवणी कंपनीची जाहिरात दिसली. तिथल्या मुलाखतीत विचारलं, तुम्हाला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं का? रंजीता म्हणाली, "छे, मला आधीपासून माणसंच आवडायची." तेव्हापासून कोणी विचारलं की हेच उत्तर. ते इतक्यांदा देऊन झालं होतं की आता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आणि मग टेसा आली.

टेसा ओहायो राज्यातली. वय एकोणतीस, रुग्णवाहिकेवर काम करणारी. अपघातातली माणसं उचलणं, रक्त थांबवणं, दवाखान्यात पोचवणं हा तिचा रोजचा धंदा. परीक्षा दोनदा देऊन झाली होती, आणि दोन्ही वेळा तिचा पाय चौथ्या भागातच अडकला. त्या भागात कमीत कमी एकशे अठरा मिळतात आणि जास्तीत जास्त एकशे बत्तीस. टेसाला दोन्ही वेळा एकशे तेवीस. तिला हव्या असलेल्या कॉलेजासाठी एकशे सत्तावीस तरी लागत होते.

"ही तिसरी वेळ," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "आता नाही झालं तर सोडणार. नवरा काही म्हणत नाही, पण मलाच माझी कीव यायला लागली आहे."

रंजीताला ते शेवटचं वाक्य कुठे लागायचं तिथे लागलं. त्याच क्षणी तिनं ठरवलं की हिला पास करायचीच. कंपनीसाठी नव्हे. कशासाठी ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. तुला नव्हतं का व्हायचं डॉक्टर, असं टेसानं विचारलं तेव्हा मात्र तिनं तेच ठरलेलं उत्तर दिलं.

पण टेसाच्या डोक्यात पुस्तकातली व्याख्या टिकेना. आज पाठ केली की उद्या कोरी पाटी. पालथ्या घड्यावर पाणी! चार दिवस डोकं आपटून झाल्यावर रंजीतानं पुस्तक बाजूला सारलं आणि म्हणाली, "हे बघ, आमच्या गावात एक तलाव आहे."

आमच्या भागात जुने तलाव पुष्कळ. सावलीजवळच्या या तलावात बावीस ढिवर घरं मिळून मासे धरतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे मिळून मोठं जाळं ओढतात आणि पडलेली मासळी पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओततात. तिचे बावीस ढीग करतात. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस न बघता नाव पुकारतो. कोणता ढीग मोठा, कोणता लहान, हे त्याला दिसत नाही, त्यामुळे कुणाला रुसायला जागा नाही. जो आजारी आहे त्याच्या घरालाही ढीग मिळतो. जो मेला त्याच्या बायकोलाही मिळतो.

टेसा बघतच राहिली. "आजारी माणसालाही?"

"त्यालाही. लटारूबाबा तीन वर्षांपासून येत नाही. तरी त्याचा ढीग असतोच."

त्या दिवसापासून टेसाचं गाडं सुरू झालं. गट म्हणजे तलावावरचे बावीस. एकाच माणसाच्या दोन भूमिकांची ओढाताण म्हणजे कुंताबाई, जी बाजारात गिऱ्हाइकाशी भांडते आणि त्याच गिऱ्हाइकाच्या सुनेला बाळंतपणात मरळ मासा फुकट नेऊन देते. गर्दी म्हणजे सावलीचा आठवडी बाजार, जिथे एखाद्याला भोवळ आली तर चाळीस जण धावून येतात. टेसा तासाच्या सुरुवातीलाच विचारायची, "लटारूबाबा कसा आहे?" रंजीता फुलून यायची. सावलीची गोष्ट कोणी इतक्या मन लावून ऐकेल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं. सांगता सांगता गाव जरा जास्तच गोरंगोमटं व्हायला लागलं.

परीक्षेला तीन आठवडे उरले आणि सराव परीक्षेचा निकाल आला. एकशे बावीस. वाढायचे ते बाजूलाच राहिले, होता त्यातला एक गेला.

रंजीतानं चुकलेले प्रश्न एकेक करून उघडले. एक प्रश्न असा: आठ जणांचा गट, मोबदला सगळ्यांना सारखा, दोघे अंग चोरतात, तर बाकीच्यांचं काय होईल? टेसानं लिहिलं होतं, बाकीचे त्यांचं काम उचलतात आणि एकी वाढते. बरोबर उत्तर होतं, तेही हळूहळू ढिले पडतात. दुसरा प्रश्न: रस्त्यात माणूस पडला, भोवती गर्दी आहे, तर मदत लवकर मिळेल की उशिरा? टेसा म्हणत होती लवकर, कारण माणसं जास्त. पुस्तक म्हणत होतं उशिरा, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी करेल. असे सात प्रश्न. सातही उत्तरं सावलीची होती.

"पण टेसा," रंजीता दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हा गर्दीचा प्रश्न तुला कसा चुकला? तू रुग्णवाहिकेवर काम करतेस. तू बघितलं असशील ना?"

"शंभर वेळा बघितलं आहे," टेसा म्हणाली. "पन्नास माणसं उभी असतात आणि फोन कुणीच केलेला नसतो. पण तू म्हणालीस तुमच्याकडे चाळीस जण धावतात. मला वाटलं आमच्याच लोकांत काहीतरी खोट आहे. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

पोरीनं स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून रंजीताच्या जिभेवर ठेवला होता.

दुपारी कंपनीतून आदेशचा फोन आला. आदेश मूळ नागपूरचा, हैदराबादेत बसून वीस शिक्षकांवर लक्ष ठेवायचा. "मॅडम, किस्से बंद करा. पुस्तकात आहे तेवढं सांगा. पुढच्या सरावात नंबर वाढला नाही तर हा विद्यार्थी मी दुसऱ्याला देऊन राह्यलो, राग मानू नका."

रागावण्याची सोय कुठे होती! त्याची चूक नव्हती. चूक हिचीच होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे अजून तिला कळत नव्हतं.

ते कळलं रविवारी. त्या दिवशी तलावात जाळं ओढायचं होतं. रंजीता बापाचा डबा घेऊन सकाळी आठच्या सुमाराला पारीवर गेली. जाळं अर्ध्यावर आलं होतं. ती नेहमीसारखी बघत उभी राहिली, पण आज डोक्यात ते सात प्रश्न घोळत होते म्हणून नजर वेगळी होती. पलीकडच्या बाजूचा दोर ढिला होता. तिकडे तिचा सख्खा भाऊ अमर आणि आणखी दोघं पोट्टे होते. दोर हातात होता, पण ओढत नव्हते, नुसता धरून चालत होते. म्हाताऱ्यांच्या बाजूला शिरा ताणल्या होत्या.

मासळी ओतली, ढीग पडले. मनसाराम पाठ करून उभा राहिला.

"हा कोनाचा?"

"लटारूचा."

"काऊन लटारूचा?" अमर उसळला. "तीन वर्षांपासून जाल्याले हात नाई लावला त्यानं. दारूच्या भट्टीवर जायले बरा पाय चालते त्याचा! मंग मी बी उद्यापासून झाडाखाली बसतो. माया बी हिस्सा काढजा."

दोघांनी हुंकार भरला. मनसारामनं मान वळवली नाही. "हिस्सा लटारूचा नाई, त्याच्या घराचा हाय," तो म्हणाला. "आन् पारीवरचं पारीवर. पुढचा बोल."

पारीवरचं पारीवर! हा त्या तलावाचा जुना कायदा. हिश्शावरून पारीवर काय वाट्टेल ते बोला, आईमाई काढा, पण गावात पाय ठेवला की त्यातला शब्द तोंडातून निघता कामा नये. बायकांना सांगायचं नाही, सोयऱ्यांना सांगायचं नाही. म्हणूनच हा तलाव इतकी वर्षं कज्जे-खटल्यांशिवाय चालला. रंजीता आठ वर्षांची असल्यापासून डबा घेऊन इथे येत होती. अमर आज जे बोलला ते तिनं दहा वेगवेगळ्या तोंडून दहा वेळा ऐकलं होतं. आणि ओहायोतल्या पोरीला सांगताना तिनं ते गाळलं होतं. ठरवून नव्हे, हाडात मुरलेल्या सवयीनं. ढीग सांगितले, नाव पुकारणं सांगितलं, भांडण मात्र पारीवरच ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण तीच झाकलेली मूठ टेसानं परीक्षेत नेऊन ठेवली होती.

आणि बाजाराचं तरी काय! गेल्या वर्षी गुणाबाई बाजारात चक्कर येऊन पडली तेव्हा चाळीस जण धावले हे खरं. पण धावून गोल करून उभे राहिले. पाणी कुणी आणलं नाही आणि रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोनही कुणी लावला नाही. जो तो समजत होता दुसऱ्यानं लावला. वीस मिनिटांनी कुंताबाई टोपलं टाकून आली आणि ओरडली, "अबे, फोन केला का नाई कोनं?" तेव्हा कुठे फोन गेला.

घरी परतताना रंजीतानं बापाला विचारलं, "बाबा, पारीवरचं मी अमेरिकेत सांगू काय?"

मनसाराम थांबला. डोक्यावरची मासळीची पाटी सावरली. त्यानं खरंच विचार केला, कारण असा प्रश्न त्या कायद्याच्या जन्मापासून कुणी विचारला नव्हता.

"थ्या पोरीले काम पडते काय त्याचं?"

"हाव. नाई सांगितलं तं नापास होते थे."

"मंग सांग. अमेरिका लय दूर हाय. पण अमरचं नाव नोको सांगू, लग्नाचा हाय थो."

सोमवारी सहा वाजता रंजीतानं पंखा बंद केला आणि आधी माफी मागितली. मग सगळं सांगितलं. लटारूबाबा आजारी नाही, दारू पितो. पोरं दोर नुसता धरून चालतात. चाळीस जण धावले आणि बघत उभे राहिले. नुसती पुकारणाऱ्याची पाठ वळली म्हणून मनं वळत नाहीत. सांगताना तिचे कान तापले होते, घरातली फाटकी सतरंजी पाहुण्यापुढे झटकावी तसं वाटत होतं.

टेसा हसायला लागली. "देवा! म्हणजे तुम्हीही आमच्यासारखेच आहात. मी सहा महिने मनातल्या मनात लाजत होते."

"पेपर असं विचारत नाही की माणसानं कसं वागावं," रंजीता म्हणाली. "तो विचारतो, बहुतेक माणसं बहुतेक वेळा कशी वागतात. तेवढंच लिही. तुझ्या डोळ्यांनी बघितलेलं लिही."

"आणि तरीही लटारूचा ढीग निघतोच ना?"

"काल निघाला. अमर..." तिनं जीभ चावली. "त्या पोरानंच त्याच्या घरी नेऊन दिला. तोंड वाकडं करून, पण दिला."

पुढच्या सरावात एकशे सव्वीस आले. त्याच्या पुढच्यात पुन्हा सव्वीस. सत्तावीस काही येईना. आदेशचा फोन आला नाही, हीच त्यातली चांगली बातमी. मे महिन्यात टेसानं परीक्षा दिली आणि निकालाला एक महिना लागणार होता. तो महिना रंजीतानं कसा काढला ते विचारू नका. दुसरे विद्यार्थी होते, त्यांनाही शिकवलं, पण एका मुलाला दोन वेळा टेसा म्हणून हाक मारली.

निकालाच्या सकाळी टेसा पडद्यावर आली ती पांढरीफटक. तिच्याकडे रात्र पडायला आली होती. निकाल तीन तासांपूर्वीच लागला होता, पण तिनं उघडला नव्हता. "एकटीनं दोनदा उघडला," ती म्हणाली. "या वेळी तू समोर हवीस."

"उघड," रंजीता म्हणाली. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला, घामानं तो कानावर नीट राहीना. टेसाचा आवाज आता सगळ्या खोलीत येत होता.

टेसानं वाचलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "एकशे अठ्ठावीस," बोटांच्या फटीतून आलं, आणि पुढे नुसता हंबरडा.

दार उघडलं. तासाच्या वेळी कुंताबाई कधी आत येत नसे, पण रडणं ऐकून कुठली थांबायला. हाताला खवले लागलेले, पदर खोचलेला. पडद्यावरची परकी पोरगी हमसून हमसून रडते आहे आणि इकडे आपली पोरगी डोळे पुसते आहे, हे तिनं बघितलं आणि तिला काय समजायचं ते समजलं. ती सरळ पडद्याजवळ गेली.

"रडू नोको वो पोरी," ती टेसाला म्हणाली. "नापास झालं म्हणून माणूस मरत नाई. आमची रंजीता बी दोनदा नापास झाली. सात नंबरानं गेलं तिचं. थ्या दिवशी मी तिले एक शब्द नाई बोललो. टोपलं घेतलं आन् बाजारात निघून गेलो. मले वाटे, बोललो तं जास्त रडन. मंग आज बोलू, उद्या बोलू करता करता चौदा वर्ष झाले. तुयी माय जवळ हाय काय? जवळ असन तं तिच्यापाशी जाऊन बस. आन् माय बोलत नसन तं तूच बोल, माय बी बोलाले भेते."

"आई," रंजीता म्हणाली, "थे पास झाली."

"पास झाली?" कुंताबाई ओशाळली. "मंग रडून काऊन राह्यली? मी आपली उगीच काय काय बोलून गेलो." आणि ती हात पदराला पुसत दाराकडे वळली.

"आई काय म्हणाली?" टेसानं नाक पुसत विचारलं.

आई अभिनंदन करते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रंजीताच्या ओठांवर ते आलंही होतं. पण तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मी तुला एक खोटं सांगितलं होतं, ती म्हणाली, मला डॉक्टरच व्हायचं होतं. मग तिनं दोन परीक्षा सांगितल्या, सात गुण सांगितले, आईचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. टोपलं घेऊन बाजारात निघून गेलेल्या आईपाशी आली आणि तिथे तिला रडू फुटलं.

कुंताबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण दारातच घुटमळत उभी राहिलेली ती मागे फिरली, पोरीजवळ खाली जमिनीवर बसली आणि तिचा पाय धरून बसून राहिली. बाहेर कुणीतरी मासळीचा भाव विचारत उभं होतं. ते बराच वेळ विचारून निघून गेलं.